पिस्तुलाच्या नळीवरचे शिक्के कसे वाचायचे?

दहा_पॉइंट_नऊ
रवि, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी हौशी नेमबाज, २५ मीटर पिस्तूल. या रविवारी सरांनी सरावाऐवजी हातात एक जाड वही आणि भिंग ठेवलं. क्लबच्या कपाटातल्या प्रत्येक हत्याराची नोंद नव्याने करायची: नंबर, बोअर (नळीच्या आतल्या पोकळीचं माप) आणि ‘नळीवर जे जे कोरलंय ते सगळं, जसंच्या तसं’. सरांनी एकेक पिस्तूल काढलं, मॅगझिन बाहेर, चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) रिकामं असल्याचं आधी स्वतः पाहिलं, मग मला दाखवलं आणि तेव्हाच माझ्यापुढे ठेवलं.

पहिलं वाल्थर जीएसपी. (मॅगझिन चापाच्या पुढे असतं तेच, पेटीसारखं दिसणारं.) नंबर दोन मिनिटांत लिहून झाला. पुढचा पाऊण तास भिंगातून जे दिसलं ते असं: पंख पसरलेला एक पक्षी, बहुतेक गरुड, त्याच्या खाली इंग्रजी एन. शेजारी हरणाच्या शिंगासारखं काहीतरी. त्याच्या बाजूला दोन अक्षरं, के आणि सी. आणि ‘.२२ एल.आर.’

दुसरं पार्दिनी, इटलीचं. त्याच्यावर एक चांदणी, तिच्याखाली पी.एस.एफ., आडव्यातिडव्या दोन बंदुकांचं चित्र, आणि एका चौकटीत दोन अक्षरं.

माझे प्रश्न:
गरुड म्हणजे काही भलतं, नाझी वगैरे, तर नाही ना? सरांना विचारायची हिंमत झाली नाही.
के.सी. कोण?
आणि एल.आर. म्हणजे लाँग रायफल, हे माहीत आहे. पण पिस्तुलावर रायफल कशाला?

---

चिवडा
रवि, रात्री ९:५२

के.सी. हे तपासनीसाचं नाव असणार. कुलकर्णी, चिं.

---

उल्मकर
रवि, रात्री ११:१५

चिवडाशेठ, थोडक्यात हुकलं. :)

मी गेली अकरा वर्षं उल्ममध्ये आहे. वाल्थरचा कारखाना याच गावात आहे आणि मी इथल्या एका नेमबाजी मंडळाचा सभासद आहे, त्यामुळे हा प्रश्न अगदी घरचा.

गरुड भलता नाही. आजच्या जर्मनीचाच सरकारी गरुड आहे तो. युद्धकाळातल्या हत्यारांवरचे शिक्के निराळे, त्यांचा याच्याशी संबंध नाही. गरुडाखालचा एन म्हणजे ‘नायट्रो’. हे हत्यार धूरविरहित दारूच्या जादा दाबाच्या काडतुसावर तपासलं आणि टिकलं, असं सरकारी चाचणीगृह सांगतंय. या चाचणीगृहाला प्रूफ हाउस म्हणतात. जर्मनीत अशी घरं अनेक आहेत आणि प्रत्येकाची खूण वेगळी. हरणाचं शिंग म्हणजे आमचं उल्म. वुर्टेम्बर्गच्या जुन्या राजचिन्हात हरणाची शिंगं होती, तिथून ते आलं. समुद्रकाठच्या कीलच्या घरातून गेलेल्या पिस्तुलावर ओकच्या झाडाचं पान दिसेल.

आता के.सी. हे साल आहे. ए म्हणजे ०, बी १, सी २, डी ३, ई ४, एफ ५, जी ६, एच ७, आय ८, के ९. के.सी. म्हणजे ९२. तुमचं जीएसपी १९९२ साली चाचणीला गेलं. यात एक खोच आहे. आठासाठी काही ठिकाणी आय ठोकलेला असतो, काही ठिकाणी जे. हेकलर उंड कॉखच्या पिस्तुलांवर मी आय पाहिलाय, सिग सावरवर जे. दोन्हींचा अर्थ आठच. आणि हे चाचणीचं साल आहे, विक्रीचं नाही. दुकानात दोन वर्षं पडून राहिलेलं पिस्तूल असू शकतं.

एल.आर.चं असं, की ते काडतुसाचं नाव आहे, हत्याराचं नाही. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ सालचं. नाव पडलं ते पडलं. जुन्या जर्मन हत्यारांवर याच काडतुसासाठी ‘एल.एफ.बी.’ दिसतं, लांग फ्युअर ब्युक्सन, म्हणजे पुन्हा ‘बंदुकांसाठी लांब’. तेही पिस्तुलावर ठोकतात.

इटलीचं उद्या लिहितो, तुमची झोपायची वेळ होत आली.

---

दहा_पॉइंट_नऊ
सोम, सकाळी ७:०५

बाप रे. १९९२? जुन्या वहीत त्याच्यापुढे ‘अंदाजे १९७०’ लिहिलंय, पेन्सिलने. आणि सर प्रत्येक नवीन पोराला सांगतात की हे पिस्तूल तुझ्या बापाच्या वयाचं आहे.

---

सराफकट्टा
सोम, सकाळी १०:३०

वाचून गंमत वाटली, कारण हे आमच्याच धंद्यासारखं आहे. बांगडीच्या आतल्या बाजूला भिंग लावलं की त्रिकोणी बीआयएसचं चिन्ह, मग २२ के ९१६, मग सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी. पहिलं कोणी तपासलं, दुसरं माल काय, तिसरं ही नेमकी कोणती बांगडी. तुमच्या पिस्तुलावरही तेच तीन दिसतात: गरुड, .२२ एल.आर. आणि नंबर. गिऱ्हाईक मात्र फक्त पेढीचं नाव बघतं.

---

उल्मकर
सोम, दुपारी १:२०

@सराफकट्टा, अगदी. फरक एकच. सोन्याच्या लॉटमधले काही नग तपासून बाकीच्यांना शिक्का मिळू शकतो. इथे प्रत्येक हत्यारातून खरंच गोळी झाडतात.

दाबाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. युरोपातल्या प्रूफ हाउसांचे नियम सीआयपी नावाची आंतरराष्ट्रीय संस्था ठरवते. १९१४ मध्ये सुरू झाली, कचेरी बेल्जियममध्ये. भारत तिचा सभासद नाही, अमेरिकाही नाही. त्यांच्या तक्त्यात ९ मिमी लुगर या काडतुसाची कमाल मर्यादा २३५० बार आहे. आपल्या गाडीच्या टायरात दोन-सव्वादोन बार असतात, म्हणजे हजार पट. पिस्तुलाच्या चाचणीचं काडतूस याच्याही ३० टक्के वर, ३०५५ बारचं. ते झाडायचं, मग नळी, चेंबर, स्लाइड (नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग) बारकाईने बघायची. तडा नाही, फुगवटा नाही, तर गरुड बसतो.

नेम कसा आहे याबद्दल गरुड चकार शब्द काढत नाही. ‘जर्मन प्रूफ आहे म्हणजे ग्रुप चांगला पडणार’, म्हणजे गोळ्या एकमेकींजवळ लागणार, असं म्हणणारे आमच्या मंडळातही आहेत.

आता पार्दिनी. इटलीचं प्रूफ हाउस ब्रेशियाजवळच्या गार्दोने व्हाल त्रोम्पिया या खोऱ्यातल्या गावी आहे, बेरेट्टाचं गाव तेच. पी.एस.एफ. म्हणजे पोल्वेरे सेन्त्सा फुमो, धुराविना दारू. जर्मन एन जे सांगतो तेच. आडव्यातिडव्या बंदुका ही गार्दोनेची खूण. चौकटीतली अक्षरं सालाची, पण त्यांची रीत निराळी. आधी रोमन आकडे चालले, १९७५ ला ए.ए. लावून नवी मालिका सुरू झाली. मध्ये काही अक्षरं गाळली आहेत, त्यामुळे बोटं मोजत बसू नका, तक्ता समोर ठेवूनच साल काढा.

---

खडकीकर
सोम, संध्या ६:४५

गरुड, शिंगं, चांदण्या. छान चाललंय. पण मंडळी, नळीवरचा सगळ्यात महत्त्वाचा मजकूर तुम्ही एका ओळीत उरकलात. बोअर!

माझी ३४ वर्षं काडतुसांच्या कारखान्यात गेली. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. आमच्या काडतुसाच्या बुडावर के.एफ. असतं, कर्की फॅक्टरी, इंग्रजांच्या उच्चाराप्रमाणे. आता कंपनीचं नाव म्युनिशन्स इंडिया झालंय, ऑक्टोबर २०२१ पासून.

नियम साधा. नळीवर जे लिहिलंय आणि काडतुसाच्या बुडावर जे लिहिलंय, ते जुळलं पाहिजे. घोळ असा, की एकाच काडतुसाला पाच नावं असतात आणि एकाच आकड्याची तीन काडतुसं असतात.

आधी पाच नावांचं. लुगरने १९०२ साली बनवलेलं काडतूस घ्या. कुठे ‘९ मिमी लुगर’ लिहितात, कुठे ‘९ मिमी पॅरा’, ग्लॉकच्या नळीवर नुसतं ‘९×१९’. सगळं एकच. दुसरा आकडा पुंगळीची (दारू भरतात त्या धातूच्या नळकांड्याची) लांबी, मिलिमीटरमध्ये.

आता ‘९ मिमी कुर्त्झ’, ‘९ कोर्टो’, ‘९ शॉर्ट’, ‘९×१७’ आणि ‘.३८० ऑटो’ ही पाचही नावं दुसऱ्याच एका काडतुसाची. गोळी तेवढीच जाड, पुंगळी दोन मिलिमीटर आखूड, आणि दाबाची मर्यादा १३५० बार. वरच्या २३५० शी ताडून बघा. आणि रशियन मॅकारोव्हचं ९×१८ तर त्याहून वेगळं. नाव ९ चं, पण गोळी भरते ९.२७ मिलिमीटर. म्हणजे ‘नऊ एमएम’ हे शब्द पेपरवाल्यांसाठी ठीक, काडतूस भरणाऱ्यासाठी नाहीत.

एकाच आकड्याची निरनिराळी काडतुसं म्हणजे आपलं .३२ही. त्यावर लिहायचं तर हात दुखेल, जेवून येतो.

---

भाऊ_कऱ्हाडकर
सोम, रात्री ८:१०

खडकीकरकाका जेवून येईपर्यंत मी माझं .३२ चं रडगाणं गातो.

आजोबांचं ब्राउनिंग वारसाहक्काने माझ्या परवान्यावर आलं. १९१० मॉडेल, तळहातात मावणारं. पुंगळी जिथून बाहेर उडते त्या खिडकीतून नळीचा जेवढा तुकडा दिसतो, त्यावर ‘७.६५’ कोरलंय. परवान्यावर मात्र ‘.३२ पिस्तूल’. पहिल्यांदा काडतुसं आणायला गेलो, तेव्हा दुकानदाराने परवाना बघितला, ‘.३२ ना?’ म्हणाला आणि डबा पुढे केला. डब्यातली काडतुसं मला जरा लांबोडकी वाटली. मी म्हटलं, माझं सात पासष्ट आहे. तो म्हणाला, एकच हो ते, इंच आणि मिलिमीटरचा फरक.

घरी येऊन बघतो तर मॅगझिनमध्येच जाईनात. काडतुसाच्या बुडाला ही एवढी कड. नशीब! दुसऱ्या दिवशी परत गेलो तर म्हणतो, उघडलेला डबा परत घेत नाही.

पिस्तुलाच्या नळीवर आणखी खुणा आहेत: लंबगोलात मुकुट, त्याखाली ई.एल.जी. आणि चांदणी. शिवाय एक सिंह, त्याखाली पी.व्ही. उल्मकर, सांगाल का?

---

खडकीकर
सोम, रात्री ९:३०

भाऊ, तुम्हाला रिव्हॉल्वरची दिली त्याने. सांगतो.

पिस्तुलाचं .३२ म्हणजे .३२ एसीपी, ऊर्फ ७.६५ ब्राउनिंग. जॉन ब्राउनिंगने १८९९ साली काढलं. पुंगळी १७ मिलिमीटरची, बुडाची कड नावापुरती बाहेर. रिव्हॉल्वरचं .३२ म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. पुंगळी २३ मिलिमीटरच्या वर, कड चांगली रुंद, कारण रिव्हॉल्वरच्या चक्रात काडतूस त्या कडेवरच अडकून राहतं. कानपूरच्या .३२ रिव्हॉल्वरमध्ये हेच जातं. दोन्ही खडकीतच बनतात, दोन्हींच्या बुडावर के.एफ., दोन्हींवर .३२. परवान्यावरही .३२. फरक पुढच्या अक्षरांत, आणि ती वाचायला चष्मा लागतो.

गंमत म्हणजे ७.६५ मध्ये ७.६५ काहीच नाही असं म्हटलं तरी चालेल. गोळी जवळजवळ ७.९ मिलिमीटरची असते. ७.६५ हे नळीच्या आतल्या उंच पट्ट्यांमधलं अंतर, खाचांमधलं नव्हे. नळीवरचा आकडा हे नाव आहे, माप नाही, हे माझ्या हाताखालच्या पोरांना मी किती वेळा सांगितलं असेल.

‘पिस्तूल म्हणजे एसीपी, रिव्हॉल्वर म्हणजे लाँग’ असं पाठ करून ठेवाल तर तिथेही फसाल. आपल्या दहा_पॉइंट_नऊ ताईंच्या क्लबातल्या जीएसपीचाच एक भाऊ .३२ मध्ये येतो, सेंटरफायरच्या (बुडाच्या मध्यावर पेटणाऱ्या काडतुसांच्या) स्पर्धेसाठी. पिस्तूल असून ते रिव्हॉल्वरचं काडतूस खातं! .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, गोळीचं टोक सपाट. म्हणून म्हणतो, नळी वाचा. परवाना नव्हे, दुकानदार नव्हे, आणि मंचावरचे आमच्यासारखे काका तर नव्हेच.

---

दहा_पॉइंट_नऊ
सोम, रात्री ९:४४

काका, धन्यवाद. वहीतला ‘बोअर’चा रकाना खोडून आता ‘काडतूस, नळीवर लिहिल्याप्रमाणे’ असा करते.

---

उल्मकर
सोम, रात्री ११:५०

@भाऊ, तुमचं पिस्तूल बेल्जियममधल्या लिएजच्या प्रूफ हाउसमधून गेलंय. १६७२ पासूनचं घर. त्या वेळी तिथे एका राजबिशपचं राज्य होतं, त्याने हुकूम काढला. मुकुट-ई.एल.जी.-चांदणी ही अखेरच्या स्वीकृतीची खूण, सिंह आणि पी.व्ही. म्हणजे पूद्र व्हीव्ह, पुन्हा तीच धूरविरहित दारू. कुठेतरी खांबासारखं एक चित्रही सापडेल. तो लिएजच्या बाजारचौकातला ‘पेरों’ नावाचा स्तंभ आहे. चांदणीखाली एकटं अक्षर असेल तर ते तपासनीसाचं. चिवडाशेठ, तुमचे कुलकर्णी तिथे सापडतील.

---

चिवडा
मंगळ, सकाळी ८:०२

शेवटी न्याय मिळाला.

---

मुद्देमाल
मंगळ, सकाळी ११:२५

धागा वाचतोय, राहवलं नाही. मी निवृत्त, पोलीस ठाण्यात मुद्देमाल कारकून होतो. तुमच्याकडे आलेली पिस्तुलं सज्जन घरची आहेत. माझ्याकडे यायची ती निराळी.

पंचनाम्यात ठरलेलं वाक्य असायचं: ‘एक सिल्व्हर रंगाचे लोखंडी धातूचे गावठी बनावटीचे पिस्तूल, मॅगझिनसह, त्याच्या डाव्या बाजूस इंग्रजीत अमुक अमुक असे कोरलेले, व दोन जिवंत काडतुसे.’ त्या ‘अमुक अमुक’मध्ये मी काय काय लिहिलंय! मेड इन इटली, मेड इन यूएसए, मेड इन जपान, ओन्ली फॉर आर्मी. एकावर यूएसए, त्याच्यावर अशोकचक्रासारखं काहीतरी, आणि खाली ७.६५. एन उलटा. साहेब म्हणाले, जसं आहे तसं लिही. मराठीत टाइप करताना उलटा एन कसा दाखवायचा, सांगा. शेवटी कंसात ‘एन अक्षर उलटे’ असं टाकलं.

मुंगेरचा माल असो की सातपुड्यातला, कारागीर हाताने ठोकतो. अक्षरं एका ओळीत नसतात, एक खोल तर एक उथळ. स्लाइडवर भरपूर मजकूर आणि नळीवर शुकशुकाट, हीसुद्धा माझ्या अनुभवातली खूण. प्रूफचा शिक्का ठोकायचं तर त्यांच्या डोक्यातही येत नाही, कारण गिऱ्हाईकाला तो माहीत नसतो. गिऱ्हाईकाला ‘इटली’ पाहिजे असते.

सीमेपलीकडे दर्रा आदम खेलमध्येही हेच चालतं, नावांची स्पेलिंग चुकलेली. पण प्रत्येक वेळी नाव खोटंच असतं असंही नाही. २६/११ नंतर जानेवारी २००९ मध्ये भारताने पाकिस्तानला जी कागदपत्रं दिली, त्यांत हल्लेखोरांच्या पिस्तुलांवर ‘डायमंड नेदी फ्रंटियर आर्म्स कंपनी, पेशावर’ असं कोरलेलं असल्याची नोंद होती. एवढ्या मोठ्या प्रकरणातही कोणीतरी बसून अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं असणार. त्या माणसाच्या जागी मी स्वतःला बरेचदा ठेवून बघतो.

---

काळा_कोट
मंगळ, दुपारी ३:१०

मुद्देमाल साहेबांना दंडवत. कोर्टात आमची अर्धी उलटतपासणी तुमच्या त्या एका वाक्यावर असते.

कायद्याचं एवढंच सांगतो. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ८. हत्यारावरचं नाव, नंबर किंवा ओळखखूण पुसणं, काढणं, बदलणं, बनावट खूण करणं हा गुन्हा. आणि अशी खूण पुसलेलं हत्यार तुमच्याजवळ सापडलं, तर ती तुम्हीच पुसली असं गृहीत धरतात. नाही पुसली हे तुम्ही सिद्ध करायचं. त्यामुळे वडिलोपार्जित पिस्तूल ‘चकाचक’ करायला, पॉलिश मारायला कोणाकडेही देऊ नका. घासता घासता नंबर गेला तर पॉलिशवाला साक्षीला येणार नाही.

आणखी एक. नळी सुटी मिळाली तरी आपल्याकडे तीही ‘शस्त्र’च. व्याख्येत सुटे भाग धरलेले आहेत.

---

डॅलसचा_वाडा
मंगळ, रात्री १०:३०

इथे अमेरिकेत सगळं उलटं. कायद्याच्या लेखी फ्रेम (मुठीसकटचा खालचा सांगाडा) म्हणजे पिस्तूल, बाकी सगळे सुटे भाग. नळी मी ऑनलाइन मागवतो, कुरिअरवाला दारात टाकून जातो. तिच्यावर नंबर असलाच पाहिजे असं नाही. १९६८ च्या कायद्याने नंबर बंधनकारक केला तो फ्रेमवर. २००२ पासून त्याची खोलीही ठरली आहे, किमान ०.००३ इंच, अक्षरं किमान १/१६ इंच.

सरकारी प्रूफ हाउस इथे नाहीच. दाबाची मानकं ‘सामी’ नावाची उद्योगांची संघटना ठरवते, १९२६ पासून. कारखाने स्वतः चाचणी करतात, आपापला शिक्का मारतात. बाहेरून आलेल्या पिस्तुलावर आयात करणाऱ्याचं नाव, गाव, राज्य हवंच. जुन्या मॅकारोव्हच्या नळीवर ठिपक्याठिपक्यांनी लिहिलेलं एखाद्या अमेरिकन गावाचं नाव बघून इथले संग्राहक अक्षरशः हळहळतात. पैठणीच्या पदरावर दुकानाचा शिक्का मारल्यासारखं.

एका प्रदर्शनात मला एक जुनं कोल्ट १९११ बघायला मिळालं. स्लाइड अमेरिकी लष्कराची, पण नळीवर ‘.४५, .९००, ७ टन्स’. युद्धात मदत म्हणून ब्रिटनला गेलेलं पिस्तूल. नंतर तिथून विकायला काढताना ब्रिटिश प्रूफ हाउसने आपली चाचणी करून ठोकलं. .९०० म्हणजे पुंगळीची लांबी इंचात, ७ टन म्हणजे दर चौरस इंचाला दाब. विकणाऱ्याला वाटत होतं तो कसलातरी गुप्त लष्करी क्रमांक आहे आणि त्याने किंमत त्या हिशोबाने लावली होती. मी गप्प बसलो.

---

उल्मकर
बुध, रात्री १२:२०

@डॅलसचा_वाडा, नळी दारात टाकून जातो!! इथे मला क्लबच्या पिस्तुलासाठी जादा नळी घ्यायची तर ती माझ्या शस्त्रपत्रावर नोंदवावी लागते, पिस्तुलासारखीच. फ्रेम, स्लाइड, नळी, सगळ्यांवर नंबर. २०१९ च्या युरोपीय नियमाने अक्षराची उंचीही ठरवली, १.६ मिलिमीटर.

---

डॅलसचा_वाडा
बुध, रात्री १२:४१

१/१६ इंच म्हणजे १.६ मिलिमीटरच की राव. भांडण कशाचं? :)

---

नवखा_२३
बुध, सकाळी ९:१५

माझ्या मामेभावाला एकाने ‘जर्मन परवानगीचं’ पिस्तूल दाखवलं, म्हणे परवाना लागत नाही. नळीवर ‘९ मिमी पी.ए.के.’ आहे आणि एका गोलात पी.टी.बी. हे कुठलं प्रूफ?

---

उल्मकर
बुध, दुपारी १:०५

हे प्रूफ नव्हे. पी.ए.के.मधला के म्हणजे क्नाल, जर्मनमध्ये धमाका. नुसता आवाज करणारं पिस्तूल आहे ते, गोळी नसलेल्या काडतुसाचं. शर्यत सुरू करताना वाजवतात त्या जातीचं. गोलातलं पी.टी.बी. ही ब्राउनश्वाइगच्या मापनशास्त्र संस्थेची मान्यता. जर्मनीत त्याचे नियम वेगळे आहेत, पण ते जर्मनीत. भारतात कोणी असं काही दाखवलं तर हात लावायच्या आधी काळा_कोट यांना विचारा.

---

काळा_कोट
बुध, दुपारी १:३२

मला विचारूही नका, मामेभावाला म्हणावं लांब राहा. ‘परवाना लागत नाही’ हे वाक्य मी फक्त आरोपींच्या जबाबात वाचलंय.

---

खडकीकर
बुध, संध्या ७:२०

इटलीचा विषय निघाला होता म्हणून एक जोडतो. इटालियन पिस्तुलांच्या नळीवर ‘९×२१’ दिसतं, ते बघून लोक म्हणतात चूक झाली असेल, १९ पाहिजे. चूक नाही. त्यांच्याकडे ९×१९ हे लष्करी काडतूस म्हणून सामान्य माणसाला पिस्तुलात बंद होतं. मग पुंगळी दोन मिलिमीटर लांब केली, गोळी तेवढीच आत बसवली, म्हणजे पूर्ण काडतुसाची लांबी होती तेवढीच. इस्रायलच्या सरकारी कारखान्याचं काम, म्हणून नावात आयएमआय. कायदा पाळला आणि पिस्तूलही चाललं! २०२२ मध्ये इटलीने तो निर्बंध उठवला, पण ९×२१ च्या नळ्या आहेतच.

आपल्याकडे ९×१९ निषिद्ध बोअर. म्हणून तर सगळा देश .३२ वर, आणि कोलकात्याचं अशनी पिस्तूलही .३२ च. आपण दोन मिलिमीटर वाढवायची युक्ती केली नाही. करायला हवी होती असं मी म्हणत नाही, पण कारखान्यात चहाच्या सुट्टीत यावर बोलणं व्हायचं.

---

दहा_पॉइंट_नऊ
रवि, रात्री ८:५५

मंडळी, वही पूर्ण झाली. कपाटाच्या तळाशी एक एअर पिस्तूलही निघालं, त्यावर पंचकोनात एफ. शोधून काढलं: जर्मन खूण, ७.५ जूलपेक्षा कमी ताकदीची हवेची हत्यारं. तेही लिहिलं.

सरांनी चष्मा लावून पान न् पान वाचलं. जीएसपीच्या ओळीवर थांबले. ‘१९९२ कुठून आणलंस?’ मी भिंग दिलं, के.सी. दाखवलं, ए शून्य, बी एक करत नवापर्यंत आले. ते बराच वेळ नळीवरच बघत होते. मग खिशातून लाल पेन काढून जुन्या वहीतलं ‘अंदाजे १९७०’ स्वतः खोडलं.

जाताना दाराशी एक नवीन मुलगा उभा होता, चौदा-पंधराचा. सर त्याला म्हणाले, ‘हे पिस्तूल,’ आणि थांबले. मग म्हणाले, ‘तुझ्या मोठ्या भावाच्या वयाचं आहे.’